सत्तेचाळीस हुकूम, एकगठ्ठा

प्रिय वसंता,

आज रविवार, दिनांक १६ नोव्हेंबर २०२५. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटं झाली आहेत. हसनाबादच्या स्टँडसमोर चहाच्या हॉटेलात बसलो आहे आणि आत्तापर्यंत तीस मीटरचा टेप ओल्या फडक्यानं पुसून गुंडाळत होतो, कारण त्याला तुमच्या बांधावरची काळी माती चिकटली होती. तारीख-वेळ लिहायची माझी खोड तुला शाळेपासून माहीत आहे. या वेळी ती नुसती खोड नाही.

आधी कामाचं लिहितो, कारण तू पत्र अर्धं वाचून फेकून देशील अशी मला भीती आहे. तुमच्या गावचा शेतरस्त्यांचा नवा कच्चा नकाशा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागला आहे. त्यात डांबरी सडकेपासून तुझ्या शेतापर्यंत जाणारी वाट नाही. बैलगाडी जायची ती, सर्जेरावनानांच्या बांधाकडेची. येत्या बुधवारी, १९ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लेखी हरकत दिली नाही तर तो नकाशा पक्का होईल. हरकतीवर सही खातेदाराचीच लागते आणि सातबाऱ्यावर तुझ्या एकट्याचं नाव आहे. म्हणजे सही तुझी. तुझ्या आईनं, द्वारकामावशीनं, अंगठा देऊन चालणार नाही, मी सही करून तर मुळीच चालणार नाही.

हे मी तुला मंगळवारपासून फोनवर सांगायला बघतोय. अकरा वेळा फोन लावला. प्रत्येक वेळी एकदाच वाजून बंद होतो, म्हणजे तू माझा नंबर अजून अडवून ठेवला आहेस. शेवटी पुण्याला तृप्तीवहिनींना लावला. त्या म्हणाल्या, "ते शिफ्टला गेल्ते, अजून आले न्हाईत." मागून तुझा खोकला ऐकू आला. तुझा खोकला मी तीन वर्षं एका वाकळीत झोपून ऐकलाय वसंता, चुकेन कसा. वहिनींचा दोष नाही, त्यांना तू जे सांगितलंस ते त्यांनी सांगितलं. पण दोन वर्षं झाली, आणि माणूस एवढा चिवट राग धरतो तो कशासाठी, हे मला कळत नव्हतं. म्हणजे कळत होतं, पण ते पुढे लिहितो.

मी जालन्यात नमनशेठकडे नकाशाचं काम करतो हे तुला टेम्पोवाल्या पप्पूनं सांगितलं असेलच. बारावी नापास माणसाला कोणी कॉम्प्युटरसमोर बसवत नाही, पण शेठनं बसवलं, कारण माझ्या हातून अक्षर चुकत नाही आणि गावांची नावं मी तीनदा तपासतो. नमनशेठचे आजोबा राजस्थानातून येऊन इथे सरकीचा धंदा करायचे, नातू नकाशांचा करतो. त्याच्याकडे एकतीस गावांच्या शेतरस्त्यांच्या नकाशांचं काम आलं होतं. जुना गावनकाशा स्कॅन करायचा, तो नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीवर नीट बसवायचा, मग त्याच्यावरून गटांच्या हद्दी, ओढे, विहिरी, वाटा एकेक रेषा गिरवायच्या, आणि शेवटी साफसफाई. एका गावाला मला नऊ दिवस लागायचे. काम किचकट, पण मला आवडायचं. पगार चौदा हजार. यंदा पहिल्यांदाच आमचे आई-बाबा ऊसतोडीला गेले नाहीत, घरीच आहेत. हे सांगायचं कारणही पुढे येईल.

जूनमध्ये शेठनं एक एजंट आणला. एजंट म्हणजे माणूस नव्हे, एआय. त्याला आपण साध्या मराठीत लिहायचं, की अमुक गावाच्या हद्दी जुळवून घे, ओढ्यांना निळा रंग दे. तो त्याचे हुकूम तयार करतो आणि आपल्या कॉम्प्युटरमधल्या नकाशाच्या सॉफ्टवेअरला देतो. माउसला हात न लावता समोर रेषा हलताना बघितल्या तेव्हा पहिल्या दिवशी मी माउस बाजूला सरकवून ठेवला. वाटलं, आता आपलं काय काम. दुसऱ्या दिवसापासून मात्र नुसता वैताग. कारण तो प्रत्येक हुकुमाला थांबून विचारायचा. "गट क्रमांक ८८ ची हद्द जोडू का?" जोड. "जोडली. गट क्रमांक ८९ ची जोडू का?" अरे बाबा, जोड. बरं, नुसतं विचारून गप्प बसत नाही. मी काही विचारलं की आधी म्हणणार, "फार चांगला प्रश्न विचारलात." मी विचारलं होतं, ओढा दिसत का नाही. त्यात चांगलं काय होतं?

एका गावाच्या साफसफाईला सत्तेचाळीस हुकूम लागतात. मी वहीत लिहून काढले होते, नंबर घालून. एकतीस गावांचे मिळून एक हजार चारशे सत्तावन्न. तेवढ्या वेळा तो विचारणार आणि तेवढ्या वेळा मी हो म्हणणार. त्याच्या प्रत्येक बोलण्याला पैसे पडतात, ते वेगळंच. पहिल्या महिन्याचं बिल बघून नमनशेठ खुर्चीतून उठला. म्हणाला, "कडू, तू काय एकेक दाणा निवडून राह्यला का? पोतंच्या पोतं पाठव ना भाई." मग त्यानंच कुठूनसं शोधून काढलं की एजंटला सगळे हुकूम एका गठ्ठ्यात देता येतात. सत्तेचाळीस एकदम बांधायचे, एकदाच हो म्हणायचं, आणि तो मधे न थांबता चालवत जातो. खर्च दहाव्या हिश्शावर येतो.

खरं सांगतो, मला शेठपेक्षा जास्त आनंद झाला. गठ्ठ्याची पद्धत यावी म्हणून मीच रोज कटकट करत होतो. पण गठ्ठ्याचं एक आहे. नवव्या हुकुमात गफलत झाली तर दहावा त्या गफलतीवरच उभा राहतो, अकरावा त्याच्यावर. सरावाला घेतलेल्या जुन्या कामातल्या एका गावात तर चौथा हुकूम बिनसला आणि पुढच्या त्रेचाळीस हुकुमांनी ओढ्याला रस्ता समजून रंगवला, नाव दिलं, लांबी मोजली. शेवटी एजंट लिहितो, "सत्तेचाळीसपैकी सत्तेचाळीस हुकूम यशस्वी." मी म्हणालो, अरे, ओढ्यावरून गाड्या घातल्यास. तर म्हणतो, "तुम्ही अगदी बरोबर बोललात. माझी चूक झाली, क्षमस्व." लगेच. विचार न करता. माफी मागायला त्याला एक सेकंद लागत नाही, म्हणून तर ती ऐकून माझं डोकं आणखी तापतं.

तरी मी सावध होतो. तीन गावांवर गठ्ठा चालवून बघितला, प्रत्येक गाव मोठं करून कोपरान् कोपरा पाहिला. तिन्ही बिलकुल बराबर. मग ३१ ऑक्टोबरला, शुक्रवारी, दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी मी उरलेल्या अठ्ठावीस गावांचा एकच गठ्ठा सोडला. सोमवारी नकाशे द्यायचे होते, दिवाळीत आठ दिवस गेले होते, शेठ दर तासाला येऊन माझ्या खुर्चीमागे उभा राहत होता. सव्वीस मिनिटं तो गठ्ठा चालला. तेवढ्यात मी डबा खाल्ला. शेपूची भाजी होती. परत आलो तर पडद्यावर हिरव्या अक्षरात सगळं यशस्वी. खाली एक ओळ होती: "सैल रेषा काढल्या: ४१८." मी ती ओळ वाचली आणि हात धुवायला गेलो.

सैल रेषा म्हणजे काय ते सांगतो. जुन्या नकाशावरून गिरवताना हात घसरतो, रेषा चौकाच्या थोडी पुढे जाते, एक शेपूट राहतं. आमच्या दुकानात त्यांना शेपट्याच म्हणतात. त्या कापाव्या लागतात, नाहीतर रस्ते नीट जुळत नाहीत. म्हणून यादीत एकतीस नंबरचा हुकूम होता: जी रेषा एकाच टोकाला जोडलेली आहे, दुसरं टोक मोकळं आहे आणि लांबी साठ मीटरपेक्षा कमी आहे, ती काढून टाक. पूर्वी सरावाच्या गावांत एजंट एकेक विचारायचा तेव्हा प्रत्येक शेपटी पडद्यावर लाल व्हायची, "ही ४१ मीटरची रेषा काढू का?" म्हणायचा, आणि मी बघून सांगायचो. दोनदा नको म्हटल्याचं मला आठवतं, एक म्हसोबाकडे जाणारी पायवाट होती, एक कोणाच्या तरी विहिरीची. गठ्ठ्यात लाल काही होत नाही. आकडा येतो.

आणि वसंता, शेताची वाट कुठं जाते? शेतात जाते आणि संपते. एका टोकाला सडक, दुसऱ्या टोकाला तुझी कपाशीची पऱ्हाटी. तिचं दुसरं टोक मोकळंच असणार.

नकाशे सोमवारी ३ तारखेला जमा झाले, ६ तारखेला गावोगावी फळ्यांवर लागले. ११ तारखेला, मंगळवारी, मी फायली नीट लावत होतो. तुमच्या गावाचा नकाशा समोर आला तेव्हा कामाचं काही नसताना मी तो मोठा केला. आपली शाळेत यायची वाट बघितली. आपण बोरं पाडायचो तो ओढा बघितला. मग सडकेवरून तुमच्या शेताकडे वळलो तर वळायला जागाच नाही. आधी वाटलं, चुकीच्या गावात आलो. गावाचं नाव तीनदा वाचलं. गठ्ठ्याआधीची प्रत मी जपून ठेवली होती, ती उघडली. तिच्यात वाट होती, एक्कावन्न मीटर. मीच गिरवलेली, मार्चमध्ये. गिरवताना तू आणि मी खताच्या गोणीवर बसून तिथून घसरत जायचो ते आठवून हसलो होतो, तेही आठवलं. त्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर ती वाट मी परत जोडली. तीन सेकंद लागले. पण माझ्या कॉम्प्युटरवरून मावशीला पऱ्हाटीत जाता येत नाही.

शेठला सांगितलं. शेठ वाईट माणूस नाही, हे मी मुद्दाम लिहितो. त्यानं डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "अरे भाई, जमा केलेल्या नकाशाला आपण हात न्हाई लावू शकत. हरकत आली की सरकारी कचेरीतून कागद येतो, मंग दुरुस्त करायचं. आपल्या मनानं बदललं तर उद्या म्हणतील पैसे खाऊन बदललं." ते खरंच आहे. मग मी बसून चारशे अठरा शेपट्या एकेक पाहिल्या. तीन दिवस लागले. चारशे नऊ खरोखर शेपट्या होत्या. नऊ वाटा होत्या. नऊ शेतकऱ्यांचे नंबर काढले, आठ जणांना फोन लागला. एकानं शिव्या दिल्या, एक म्हणाला, "मी तर फळा बघतच न्हाई, बरं झालं सांगितलं." आठही जणांच्या हरकती शुक्रवारपर्यंत पडल्या. नववा खातेदार फोन उचलत नाही.

म्हणून काल शेवटच्या गाडीनं तुमच्याकडे आलो. मावशीनं दारातच विचारलं, "जेवला का?" दोन वर्षांनी आलो तर पहिला प्रश्न तोच, जो आठवीत पहिल्या दिवशी विचारला होता. आमचे आई-बाबा तोडीवर जायचे आणि मी तीन वर्षं दिवाळी ते अक्षय्यतृतीया तुमच्या घरी असायचो. तुझ्या ताटात जेवढी भाकर, तेवढी माझ्या ताटात. कमी असली तर तिच्या ताटातून कमी. मी वाटेचं काढलं तर म्हणाली, "वाट तर मिरगापासून बंद हाय." मला समजेना. मग कळलं. सर्जेरावनानांनी पेरणीच्या वेळी वाटेच्या तोंडाला बाभळीच्या काट्या आणून टाकल्या आहेत. तुझी आई जूनपासून ओढ्यातून वळसा घालून शेतात जाते. पाऊस होता तेव्हा गुडघाभर पाण्यातून. आता कापूस वेचणी चालू आहे तर गाठोडं डोक्यावर घेऊन तीन खेपा. गुडघा सुजलाय, त्याला तिनं रुईचं पान बांधलंय. मी म्हटलं, वसंताला सांगितलं नाही? तर म्हणाली, "कशाला रे. तो तिकडून तावातावानं येईन, भांडन करीन, नौकरी जाईन. नकाशावाले आल्ते तवा म्हनले, आता कागदावर वाट येनार हाय. मंग म्हटलं, कागद येऊ दे."

ती पाच महिने माझ्या कागदाची वाट पाहत होती.

आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आम्ही दोघं बांधावर गेलो. काट्या मी बाजूला ओढल्या, नंतर होत्या तशा परत ठेवल्या. टेपचं शून्याचं टोक मावशीनं सडकेच्या कडेला धरलं, दुसरं घेऊन मी चालत गेलो. तीस मीटरला खुंटी मारली, मग पुढचं. तीनदा मोजलं. बावन्न मीटर चाळीस, बावन्न मीटर चाळीस, बावन्न मीटर एक्केचाळीस. रुंदी आठ फूट. चाकोऱ्या अजून दिसतात, त्यात गवत उगवलंय. तिसऱ्यांदा मोजायला लागलो तर मावशी म्हणाली, "मोजल्यानं लांबती का रे वाट? सोड आता, मला वेचाया जायचंय." टोक मात्र तिनं हलू दिलं नाही.

तेवढ्यात सर्जेरावनाना आले. तोंडात कडुलिंबाची काडी, खांद्यावर टॉवेल. त्यांनी टेप बघितला. मग काडी काढून थुंकले आणि मला म्हणाले, "काय कडूबा, आता माझं नाव अजून कुठून कुठून खोडायचं राह्यलंय?"

आता ते लिहितो, जे मी दोन वर्षं टाळलं. तुझ्या लग्नाची पत्रिका. माझं अक्षर आणि शुद्धलेखन चांगलं म्हणून तू छापखान्याचं पान माझ्याकडे तपासायला दिलंस. भावकीच्या नावांत सर्जेराव कचरू दोनदा आलं होतं. एक ओळ सोडून. मला वाटलं छापणाऱ्याची चूक. मी एक नाव खोडलं. तुला विचारलं नाही, कारण मला खात्री होती. सहाशे पत्रिका छापल्या. दोन सर्जेराव आहेत, एक वरच्या आळीचे आणि एक खालच्या, आणि दोघांच्याही वडिलांचं नाव कचरू, हे मला नंतर कळलं. आपल्याकडे लेकरू जगावं म्हणून कचरू, दगडू, कडूबा असली नावं ठेवतात, त्यामुळे एका भावकीत दोन कचरू निघणं यात नवल काही नाही. निदान मला, कडूबाला, नवल वाटायला नको होतं. पत्रिकेतलं एकमेव नाव आपलंच म्हणून वरच्या आळीचे सर्जेराव फेटा बांधून मांडवात मिरवले, आणि खालच्या आळीचे, म्हणजे हेच नाना, दिवसभर आपल्या दारापुढच्या खाटेवर मांडवाकडे पाठ करून झोपून राहिले. तू मला म्हणालास, "तुला विचारता येत नव्हतं का?" मी म्हणालो, छापखान्यानं नीट लिहायला पाहिजे होतं. दोन वर्षं मी तेच म्हणत आलो. मनातल्या मनातसुद्धा. तुझा राग पत्रिकेचा नव्हता, या उत्तराचा होता, हे मला ठाऊक होतं.

आणि तुमच्या वाटेवर काट्या पडल्या त्या सहज नाही पडल्या.

एजंटबद्दल एवढी पानं मी का भरली तेही सांगून टाकतो. ते सगळं खरं आहे, पण एकतीस नंबरचा हुकूम एजंटनं बनवलेला नाही. तो माझा आहे. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात. साठ हा आकडासुद्धा माझा. तपासलेल्या तीन गावांत सगळ्यांत लांब शेपटी सत्तावन्न मीटरची निघाली म्हणून मी साठ धरले, आणि त्या तीन गावांत साठच्या आतली एकही खरी वाट नव्हती म्हणून मला खात्री वाटली. शेठला मी अजून एवढंच सांगितलंय की गठ्ठ्यात गडबड झाली. शेठ सगळ्यांना सांगतो, एआयनं घोटाळा केला. आठ शेतकऱ्यांनीही हरकतीत तेच लिहिलंय, माझ्याच सांगण्यावरून. एजंटला विचारलं तर तोही म्हणतो, माझी चूक झाली, क्षमस्व. सगळे खूश.

आज बांधावर नानांनी तेवढंच विचारलं. ते गेले. मावशी ओढ्याकडच्या वळशानं वेचायला गेली. मग मी टेप हातात घेऊन नानांच्या घरी गेलो. आठ वाजले होते. वीस मिनिटं ओट्यावर बसून होतो, त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. शेवटी म्हणालो, नाना, पत्रिकेतलं तुमचं नाव मी खोडलं, वसंतानं नाही, छापखान्यानं नाही. मला दोन सर्जेराव माहीत नव्हते आणि मी विचारलं नाही. माझं चुकलं. ते बैलाच्या मानेवरचे गोचीड काढत राहिले. मग म्हणाले, "आता सांगून राह्यला?" मी म्हणालो, हो, उशीर झाला. तर म्हणाले, "वाट नकाशावर आली तर मी काट्या उचलतो. माझ्या हातानं उचलतो. कागदावर न्हाई तर न्हाई. मलाबी कागदावरूनच काढलं होतं ना तुम्ही." नंतर आत बघून ओरडले, "आगं, च्या टाक दोन." चहा झाला. साखर जास्त होती.

तर वसंता, कागद पाहिजे. हरकतीचा अर्ज मी पूर्ण लिहून सोबत ठेवलाय, गट नंबर, दिशा, लांबी, रुंदी सगळं भरून. खाली पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही कर. सोबत वाट असलेल्या आणि वाट कापलेल्या नकाशाच्या दोन प्रती आहेत. पण नुसत्या प्रतींवर हरकत ऐकणारे साहेब विचारणार की वाट मुळात होती तर गेली कशी, आणि पाच महिने वहिवाट बंद असताना ती आहे हे सांगतो कोण. त्याचं उत्तर द्यायला हे पत्र लिहिलंय. तुला मनातलं सांगायला फोन पुरला असता, तू उचलला असतास तर. हे पत्र हरकतीला जोड. रेषा कोणी गिरवली, कोणत्या दिवशी, कोणाच्या हुकुमानं निघाली, जमिनीवर टेपनं किती भरली, टोक कोणी धरलं होतं, सगळं यात तारीख-वेळेसह आहे आणि खाली माझी पूर्ण नावानं सही आहे. झेरॉक्स नको, मूळ पत्र दे. वहिनींचा आणि खोकल्याचा मजकूर साहेबांनी वाचला तर वाचू दे, पान फाडू नकोस, पान फाडलेलं पत्र पुराव्याला चालत नाही. याची एक प्रत मी उद्या सकाळी शेठच्या टेबलावर ठेवणार आहे. ती वाचून त्यानं मला ठेवलं तर ठेवलं, नाहीतर आई-बाबांना तोडीला जायला अजून उशीर झालेला नाही, मुकादम मागच्याच आठवड्यात विचारून गेलाय. पप्पू एक वाजता मोसंबीचा टेम्पो घेऊन पुण्याकडे निघतोय, पाकीट त्याच्याकडे देतो. मंगळवारी तो रिकामा परत येतो, त्याच्या शेजारची सीट मोकळी आहे. तू नुसता कागद पाठवू नकोस, तूच ये. मावशीला मी काही सांगितलेलं नाही, फक्त एवढंच म्हणालो की बुधवारी दोन भाकरी जास्त टाक.

तुझाच, तू फोन उचल अथवा नको उचलू,
कडूबा
(कडूबा आसाराम वाघ, नकाशा गिरवणारा)

आजवरचा खर्च: जालना ते हसनाबाद एसटी, गाडी बदलून, १४५ रुपये. तीस मीटरचा टेप ३८० रुपये. नकाशाच्या दोन प्रती १६० रुपये. आठ शेतकऱ्यांचे अर्ज आणि झेरॉक्स ९६ रुपये. पाकीट आणि कागद २५ रुपये. चहा, या हॉटेलातला, २० रुपये. नानांकडचा धरला नाही. एकूण ८२६ रुपये. हे माझे, तुझ्याकडून काही येणं नाही.

देणं: नमनशेठला, ३१ ऑक्टोबरच्या गठ्ठ्याचं बिल, १,१४० रुपये, पगारातून. आणि द्वारकाबाईंना, बावन्न मीटर चाळीस सेंटिमीटर.